सीटमधला बेडूक

सीटमधून केस निघतात, ही माझी सगळ्यात चालणारी गोष्ट.

टावर चौकाच्या मागच्या गल्लीत माझं सीटकव्हरचं दुकान आहे. ऑटो, जीप, स्कूटर, कोणाचीही फाटकी सीट आणा, शिवून देतो. आमचे खापरपणजोबा मराठा सरकारच्या फौजेचे तंबू शिवत शिवत दख्खनेतून इकडे महाकालाच्या नगरीत आले आणि इथलेच झाले. तंबू गेले, सरकार गेलं, सुई तेवढी घरात राहिली. आणि तोंड. सीट तयार होईपर्यंत ऑटोवाला जाणार कुठे? माझ्याच फोमच्या गठ्ठ्यावर बसतो आणि म्हणतो, "बापू, कुछ सुनाओ यार." मग मी सुरू.

तर केसांची गोष्ट अशी. एक जीपवाला दारूच्या नशेत पुलावर एका बाईला उडवतो आणि न थांबता निघून जातो. दुसऱ्या दिवसापासून त्याची मागची सीट ओली. पुसली, उन्हात टाकली, खालून शेगडी लावली, तरी सकाळी परत ओली. शेवटी तो सुरी घेऊन सीट फाडतो, तर आत एक केस. ओढतो, तर केस येतोच आहे. एक हात, दोन हात, दहा हात. जमिनीवर ढीग झाला तरी येतोच आहे. आणि केस जिथं संपतो तिथं... जाऊ दे. ते आज नाही सांगत. इतकंच सांगतो, आमचा भेरूलाल, ज्याची मिशी बघून ट्रॅफिकवाला बाजूला होतो, तो ही गोष्ट ऐकून आठ दिवस मागं वळून बघत नव्हता. सवारी बसली की समोर बघूनच विचारायचा, "बैठ गए क्या? जरा बोल के बताओ."

एकदा मी हीच गोष्ट सांगत होतो आणि भार्गवी आपल्या स्कूटीची सीट घ्यायला आली. ही माधव नगरात राहते, घराच्या गॅरेजात मुलांची लायब्ररी चालवते. दर रविवारी सकाळी अकरा वाजता तिथं कोणी तरी येऊन मुलांना गोष्ट सांगतं. पोरगी दारातच उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"काका, ही आमच्या मुलांना सांगाल?"

"बेटा, पोरं जागेवर मुततील."

"अशीच नाही हो. मुलांना झेपेल अशी करून. त्यांना भुताचं भारी वेड आहे. मोबाइलवर काय काय बघतात, तुम्हाला कल्पना नाही. त्यापेक्षा तुमच्या तोंडून, जरा हलकी करून."

मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पाचवीत मास्तरांनी कान धरून बाहेर काढलेला माणूस मी. आणि आज लायब्ररीत बोलावणं.

दोन दिवसांनी ती यादी घेऊन परत आली आणि आमची घासाघीस सुरू झाली. ती मोबाइलमध्ये बघून एकेक सांगत होती.

"दारू नको."

"काढली."

"बाई मरायला नको."

"मग सीट ओली कोण करणार?"

"म्हणजे, पडते ती. पण उठते, कपडे झटकते आणि जाते."

"मग भूत कोण?"

"भूत असू द्या ना. पण स्वभावानं चांगलं. आणि ती सुरी काढा, मुलं घरी करून बघतात."

"सुरी नाही तर सीट उघडू कशी?"

"चेन असते ना सीटला."

"बेटा, चाळीस वर्षांत मी जीपच्या सीटला चेन लावली नाही."

"गोष्टीत लावा."

लावली. धंद्याशी बेईमानी केली, पण लावली. "आता केसांचं बोल. किती ठेवू?"

तिनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "काका, खरं सांगू का, परवापासून मलाच झोप नाही. केस नकोतच. सीट बेडकामुळे ओली होत होती असं करा."

म्हणजे शेवटी काय झालं, तर जीपवाला चेन उघडतो आणि आतून बेडूक उडी मारतो. घरी बायकोला सांगून बघितली. रजनी मेथी निवडत होती, मान वर न करता पूर्ण ऐकली. म्हणाली, "ही गोष्ट आहे की आजाऱ्याची खिचडी?"

तरी रविवारी गेलो. धुतलेला सदरा घालून गेलो.

वीस-बावीस पोरं सतरंजीवर बसलेली. एक कोणाची तरी वेणी ओढतंय, एक बुटाची लेस चघळतंय. विहंग म्हणून एक जाडा मुलगा होता, तो म्हणाला, "आजोबा, भूत रिअलवालं आहे की कार्टूनवालं?" आणि मला घाम फुटला. माझ्याकडं तर बेडूक होता.

गोष्ट कशी असते, सांगतो. आधी ऐकणारा चूप व्हावा लागतो. तसा नाही झाला, तर तुम्ही वर कितीही ओता, खाली काही उतरत नाही. भार्गवीनं भीती सगळी काढून घेतलेली. मग मी म्हटलं, निदान सुरुवातीला चिमूटभर टाकू. गोष्टीत नाही, गोष्टीच्या आधी. तिच्या यादीत ते नव्हतं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ते आपल्या सगळ्यांना लहानपणी ऐकवलेलं असतं. पोरं भरदिवसा गोष्टीसाठी मागं लागली की त्यांना पळवायला म्हणतातच, की दिवसा गोष्ट ऐकली तर मामा वाट चुकतो.

"थांबा," मी म्हटलं. "सुरू करायच्या आधी एक बात. आत्ता दिवस आहे की रात्र?"

"दिवस!"

"मग गडबड आहे. दिवसा गोष्ट ऐकली की मामा वाट चुकतो. माहीत आहे ना?"

एकदम चूप. लेसवाल्यानं लेस सोडली. मला मजा आली. सगळ्यात पुढं एक पोरगी मांडी घालून बसलेली, आठ-नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, डोळे हे एवढे. तिचं नाव इरा. मी तिला पकडलं.

"तुझा मामा कुठे आहे गं आत्ता?"

"येतोय. इंदूरहून, बाइकवर."

"आत्ता? या वेळेला?"

"हो. सांवेरला चहा प्यायला थांबला होता, आईला फोन आलेला."

"अरे देवा, म्हणजे रस्त्यातच!" मी कपाळाला हात लावला. पोरं खिदळायला लागली. कोणी "नको, नको", कोणी "सांगा, सांगा". मी हात वर केला. "तुम्ही नाही. जिचा मामा रस्त्यात आहे ती बोलेल. बोल बेटा. सांगू की नको?"

तिनं तोंडावर हात ठेवला. इकडं तिकडं बघितलं, हसली, आणि सगळ्यांत मोठ्यांदा ओरडली, "सांगा!"

सांगितली. बेडूक निघाला. विहंग म्हणाला, "बस? इतकंच?" मग सगळ्यांना बिस्किटं वाटली. भार्गवी खूश. म्हणाली, "एकदम बरोबर जमली काका. कोणी घाबरलं नाही."

सोमवारी दुपारी तिचाच फोन आला. आवाज ओळखू येईना.

इराचा मामा, श्रीकांत नाव, चौतीस वर्षांचा. तुम्हाला माहीत आहे, सिंहस्थासाठी रस्ते रुंद करताहेत, दर आठ दिवसांनी वळण नवीन. जिथं डावीकडं वळायचं होतं तिथं तो सरळ गेला. पुढं मोरीसाठी खड्डा खणलेला. साडेअकराच्या आसपास झालं असावं म्हणतात.

मी काय बोललो फोनवर, आठवत नाही. त्यांच्या घरी जावं असं रोज वाटायचं. सकाळी चप्पल घालायचो आणि दुकानात येऊन बसायचो. जाऊन काय सांगणार होतो?

महिना-सव्वा महिना गेला असेल. एक बाई दुकानात आली. साधा सलवार-कुर्ता, हातात काही नाही, म्हणजे शिवायला आलेली नव्हती.

"तुम्ही बापू ना? मी मानसी. इराची आई."

मी मशीन सोडून उभा राहिलो. वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर मला बरं झालं असतं. ती फोमवर बसली आणि हळू आवाजात बोलत राहिली.

"शाळेत बाईंनी पुस्तक उघडलं की इरा कानांवर हात ठेवते. परवा तर बाईंच्या हातातलं पुस्तकच ओढून घेतलं. म्हणाली, दिवसा नका वाचू, कोणाचा पण मामा रस्त्यात असू शकतो."

मी पंखा बंद केला, तिचं नीट ऐकू यावं म्हणून.

"माझा धाकटा भाऊ आहे, श्रेयस. भोपाळला असतो. त्याला दिवसातून दहा फोन करते. मामा, कुठे आहेस, बाहेर जाऊ नको. तो इकडे येतो म्हणाला की रडून रडून ताप आणते. डॉक्टर बाईंना दाखवलं. चांगल्या आहेत त्या, म्हणतात वेळ लागेल. बापू, माझा एक भाऊ गेला. जो राहिलाय तो माझ्या घरी येऊ शकत नाही." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मला वाटलं, ज्यांनी सांगितलं त्यांनीच तिला सांगावं की ते खोटं होतं. तुमचं ऐकेल."

"घेऊन या," मी म्हटलं. आणि मला तेव्हा खरंच वाटत होतं की जमेल. बोलण्यानं झालेलं, बोलून निघेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आणली. युनिफॉर्ममध्ये, पाठीवर दप्तर तसंच. मी स्टुलावर बसलो म्हणजे तोंडासमोर तोंड येईल.

"बेटा, ते मामाचं मी खोटं बोललो होतो."

"का?"

"गंमत म्हणून. तुम्ही चूप बसावं म्हणून."

"बेडूक पण खोटा?"

"बेडूक तर एकदम खोटा."

"मग खरं काय होतं सीटमध्ये?"

आता हिला केस कुठून सांगू? मी इकडं तिकडं बघितलं. तिनं ते बरोबर टिपलं.

"तुम्ही मला विचारलं होतं, सांगू की नको. मी सांगा म्हटलं."

"अगं, पण सांगितली कोणी? मी. काही चूक असलीच तर माझी. तुझी नाही."

"तुमचा मामा होता का रस्त्यात?"

मानसी दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती. मी दुसरीकडून गेलो.

"इकडं बघ. मी चाळीस वर्षं दिवसाच गोष्टी सांगतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. या सगळ्या ऑटोवाल्यांना विचार. आजपर्यंत कोणाचा मामा चुकला नाही."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"काय?"

"त्यांचे मामा कुठे आहेत ते."

नव्हतं विचारलं. असं कोण कोणाला विचारतं?

पण मला हे पटलं. म्हटलं, पक्का पुरावा देतो पोरीला. चार दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एकच सवाल. भेरूलाल आला. "भेरू, तेरे मामा कैसे हैं?"

"कौन-से वाले? चार थे."

"थे मतलब?"

"मतलब दो हैं. एक शुगर में गए, एक को करंट लगा था. क्यों, रिश्ता करवा रहे हो क्या?"

रफीकनं खूप वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, सहा वर्षं झाली, मामूला फोनच केला नाही. तिथंच बसून त्यानं रतलामला फोन लावला. मामू आधी ओळखेना, मग शिव्या द्यायला लागला, आणि मग दोघंही रडायला लागले. त्याचं एक तास सीटचं काम झालं नाही. मांगीलालचा मामा अठ्ठ्याण्णव साली सुरतला कामाला गेला तो आजपर्यंत आला नाही. "रस्ता भूल गया होगा," मांगीलाल म्हणाला आणि स्वतःच हसला. मी हातातली कैची खाली ठेवली, नाहीतर काही तरी झालं असतं.

आता पन्नाशीच्या माणसांचे मामा किती राहणार? मी काही हिशोब ठेवला नाही, पण अर्ध्याहून जास्त वर गेलेले निघाले. कोणी म्हातारपणानं, कोणी दारूनं, कोणी कसा ते भाच्यालाही माहीत नाही. हे पोरीला कसं सांगायचं?

मग मी तेच केलं जे भार्गवीनं मला शिकवलं होतं. मेलेले काढले. सुरतवाला काढला. जेवढे धडधाकट उरले तेवढे घेऊन तिच्यासमोर बसलो.

"ऐक. भेरूलालचे मामा, शाजापूरला, मस्त आहेत, म्हशी पाळल्या आहेत. दुसरे मामा आगरला, ते पण मस्त. रफीकचे मामू रतलामला, त्यांच्याशी तर माझ्यासमोर फोनवर बोलणं झालं..." असे सहा-सात जण सांगितले. ती बोटं मिटत ऐकत होती. मी थांबलो.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"चौकात केवढे ऑटो असतात. बाकीच्यांचे मामा?"

"ते... ते पण ठीकच आहेत."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. मास्तर पण माझ्याकडं असं बघत नसत.

"हा पण बेडूकच आहे ना?" ती म्हणाली.

त्या दिवशी मी मायलेकींना चौकातून घरापर्यंत सोडायला गेलो, पोरीचं दप्तर मीच उचललं.

दिवाळी आली. त्यांच्याकडं यंदा सण नव्हताच. पण भाऊबीजेला श्रेयसनं यावं यासाठी मानसीनं जीव टाकला. ओवाळणं नको, गोड नको, पण भाऊ दारात दिसायला पाहिजे. इरा आधी नाहीच म्हणाली. मग एक दिवस स्वतःहून तयार झाली, आणि आईला घेऊन दुकानात आली. रजनी तेव्हा माझा डबा घेऊन आलेली होती.

"श्रेयसमामा येणार," इरा म्हणाली. "ट्रेननं. पण तो पोचेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही."

"गोष्ट नाही सांगणार. पक्कं. महाकालाची शपथ."

"गोष्ट नाही. बोलायचंच नाही. तुम्ही बोललात की गोष्टच होते."

"बरोबर ओळखलं पोरीनं," मागून रजनी म्हणाली. "तीस वर्षं मी हेच सांगतेय, माझं कोणी ऐकलं नाही."

मी मानसीकडं बघितलं. तिनं हात जोडले. तिथंच माझी अक्कल संपली. म्हटलं, एक दिवस तोंड बंद ठेवायचं, त्यात काय? भाऊ येईल, बहिणीला भेटेल. पोरगी डोळ्यांनी बघेल की मामा सुखरूप आला. भीती निघून जाईल. हो म्हटलं.

भाऊबीजेला सकाळी नऊला दुकान उघडलं, तर ती हजर. प्रसाद, तिचे वडील, सोडून गेले आणि म्हणाले, गाडी बारापर्यंत येईल, मी स्टेशनवरून श्रेयसला घेऊन थेट इकडेच येतो. इरा फोमवर बसली. तिच्या हातात वडिलांचा जुना मोबाइल, त्यात गाडी दिसते. म्हणजे नकाशावर एक ठिपका असतो, तो सरकतो.

दहा वाजता भेरूलाल आला. "बापू, त्योहार है, कुछ मस्त सुनाओ."

मी तोंडावर बोट ठेवलं.

"क्या हुआ? मौन व्रत? कि भाभी ने बैटरी निकाल ली?"

मी हात हलवून 'बस, बस' केलं. तो अजून चेकाळला. तेव्हा इरा उठून उभी राहिली.

"बापू आज नहीं बोलेंगे. मेरे मामा ट्रेन में हैं."

भेरूनं माझ्याकडं बघितलं. मामांची चौकशी कशासाठी चालली होती हे तोपर्यंत चौकात सगळ्यांना कळलं होतं. त्यानं टोपी काढली आणि फोमवर एका कडेला बसला. मग रफीक आला, तोही बसला. अजून दोन आले. त्यांना भेरूनं खुणेनंच बसवलं. साडेअकरा वाजता माझ्या दुकानात चार ऑटोवाले रांगेनं बसलेले, आणि आवाज फक्त पंख्याचा.

पावणेबाराला ठिपका थांबला. बेरछा स्टेशनच्या पुढं कुठं तरी, मधेच. इरानं मोबाइल हलवून बघितला. मग श्रेयसला फोन लावला. लागेना. परत लावला. बारा वाजले. साडेबारा. मानसी घरून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. ती पण फोन लावत होती. रजनीनं पाठवलेली पुरी-भाजी इरासमोर तशीच. मी ताट तिच्याकडं सरकवलं, तिनं परत माझ्याकडं सरकवलं.

मला त्या वेळी किती बोलावंसं वाटत होतं, कसं सांगू. बेटा, गाड्या थांबतात. सिग्नल नसतो, मालगाडी पुढं काढतात, डोंगराआड मोबाइल लागत नाही. साधं बोलणं. कोणताही हमाल सांगेल. पण मी शब्द दिलेला.

आणि दुसरी गोष्ट पण सांगून टाकतो. मला भीती वाटायला लागली होती. मला! ज्यानं आपल्या हातानं ही पुडी सोडली, जिच्यात काही नाही हे ज्याला पक्कं माहीत, त्याला. एक वाजता मला खोकला आला. तो मी गिळला.

तेवढ्यात बाहेर ऑटो थांबली आणि मांगीलाल दारातूनच सुरू झाला, "अरे सुनो सुनो, कल ऐसी सवारी मिली न—"

इरा अशी उठली की मोबाइल खाली पडला. धावत गेली, फोमवर चढली आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबलं. विडी-गुटख्यानं लाल झालेलं त्याचं तोंड, आणि तिचे ते हात. मांगीलाल डोळे मोठे करून तसाच उभा. कोणी हसलं नाही. रफीकनं मोबाइल उचलून पुसला आणि तिला दाखवला. ठिपका सरकत होता.

पावणेदोनला प्रसादची स्कूटर गल्लीत वळली. मागं श्रेयस, खांद्याला बॅग, हातात मिठाईचा पुडा नाही, साध्या फळांची पिशवी. भेरूलालनं एवढ्या जोरात "आ गए मामा!" केलं की समोरच्या दुकानातली कबुतरं उडाली. मानसीनं भावाला धरलं ते सोडेचना. मग माझ्याकडं आली, माझे हात धरले आणि रडत म्हणाली, "उतरलं बापू. तिच्या डोक्यातलं उतरलं. तुमचे उपकार कसे फेडू?" रफीक चहा सांगायला पळाला. श्रेयस सगळ्या ऑटोवाल्यांशी हात मिळवत होता, त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं की हे कोण आणि एवढे खूश का.

इरा धावली नाही. तिनं आधी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, जवळ जाऊन कोपराला बोट लावलं. त्यानं उचलून घेतलं, तर घेऊ दिलं. मग खाली उतरली आणि माझ्याजवळ आली. बाकीचे बाहेर चहाला उभे होते.

"बापूआजोबा, आता बोला. चाललं."

"काय चाललं गं?"

"तुम्ही चूप राहिलात ते. मामा आला ना."

"अगं, तो तसा पण आला असता—"

"म्हणजे त्या दिवशी मी नको म्हटलं असतं, तर श्रीकांतमामा पण आला असता."

रडली नाही. गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हणाली. सगळं जुळतंय का ते माझ्या तोंडाकडं बघून तपासत होती.

बाहेर तिची आई हसत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसत असेल. तिला आत बोलावून सांगू? काय सांगू, की उतरलं नाही, बसलं? आणि ते मीच, पाच तास तोंड मिटून, माझ्या हातानं बसवलं?

"बेटा," मी म्हटलं. सकाळपासून साठलेलं सगळं कुठं गेलं, माहीत नाही.

तिनं दप्तरासारखी ती फळांची पिशवी खांद्याला अडकवली.

"मामा परवा परत जाणार. सकाळी दहा चाळीसची गाडी. तुम्ही दुकान आठला उघडता ना?"

"नऊला."

"परवा लवकर उघडा. मी आठला येते." आणि ती आईकडं गेली.

संध्याकाळी रजनीनं विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, मामा आला. परवा डबा दोघांचा दे, आज पोरीनं दिवसभर काही खाल्लं नाही.